मधोमध ठेवलेल्या बशा

जर्मनीत चार माणसं हॉटेलात बसली की चौघांच्या चार ताटल्या असतात. ज्याने जे मागवलं ते त्याच्यापुढे येतं, दुसऱ्याच्या ताटलीत काटा घालायचा नसतो, आणि शेवटी वेटर विचारतो, ‘एकत्र की वेगवेगळं?’ उत्तर बहुधा वेगवेगळं असंच येतं. यात कंजूषपणा नाही. आपला भार दुसऱ्यावर नको ही इथली रीत आहे आणि इतकी वर्षं इथे राहून मला तिच्याबद्दल आदर वाटतो. पण स्टुटगार्ट वेस्टमध्ये आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक स्पॅनिश तापास रेस्टॉरंट आहे. शुक्रवारी संध्याकाळी हीच माणसं तिथे एका बशीभोवती डोकी जुळवून बसलेली असतात. ‘हे जरा खाऊन बघ’, ‘शेवटचा तुकडा तू घे’ असा आग्रह चाललेला असतो. आज त्या जागेबद्दल लिहायचं कारण असं, की महाराष्ट्रातून इथे कामाला येऊ घातलेल्या मुलामुलींशी तिचा फार जवळचा संबंध आहे असं मला वाटतं.

जागा लहानशी, टेबलं मोजकी. भिंतीवरच्या फळ्यावर आजचे पदार्थ खडूने लिहिलेले. तापास म्हणजे छोट्या बशांतून येणारे पदार्थ. चार-पाच मागवायचे, मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे. आधी सूप, मग मुख्य जेवण असा क्रम नाही. जे तयार होईल ते येतं. लसणाच्या तेलातली कोळंबी मातीच्या खोलगट बशीत उकळत असतानाच टेबलावर ठेवतात. लसणाच्या चकत्या कडेने तांबूस झालेल्या, मधे सुक्या लाल मिरचीचा तुकडा. कोळंबी संपली तरी ती बशी कोणी उचलू देत नाही, कारण खरी चव उरलेल्या तेलात असते आणि ते पावाने टिपून खायचं असतं. तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर तिखटसर लाल सॉस घातलेल्या पातातास ब्रावास असतात, व्हिनेगरमध्ये मुरवलेली बारीक मासळी असते, मेंढीच्या दुधाचं मांचेगो चीज असतं. शाकाहारी माणसानेही इथे खुशाल यावं. सेव्हियाकडच्या पद्धतीची पालक-चण्याची भाजी जिरं घालून करतात आणि ती मला फार आवडते. क्रोकेतास मात्र विचारून घ्यावेत, आत बहुतेक वेळा हॅमचे बारीक तुकडे असतात.

तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, करताना मालक काउंटरमागे उभा असला की मी माझं बोलणं थांबवून बघत राहते. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि कांदा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ होऊ द्यायचे, तांबूस करायचे नाहीत. मग तेल निथळून ते फेटलेल्या अंड्यांत घालायचं आणि थोडं मुरू द्यायचं. तव्यात ओतल्यावर खालची बाजू धरली की वर ताटली पालथी घालायची आणि एका झटक्यात सगळं उलटून पुन्हा तव्यात सरकवायचं. त्या झटक्यात हात कचरला तर सगळा खेळ संपला. कांदा घालावा की घालू नये यावर स्पेनमध्ये घरोघरी दोन तट आहेत. तोर्तिया गार झाली तरी तितकीच चांगली लागते, म्हणून डब्यात न्यायला सोयीची. मालकाचे वडील 1960च्या दशकात गॅलिशियातून इथल्या एका कारखान्यात कामाला आले, ते हीच डब्यात न्यायचे असं त्याने मला सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून सासूबाई आल्या तेव्हा त्यांना आम्ही तिथे घेऊन गेलो. पहिलीच बशी आली ती पादरोनच्या मिरच्यांची. गॅलिशियातल्या पादरोन गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बोटभर लांबीच्या हिरव्या मिरच्या. सालीवर फोड येईपर्यंत तेलात परतून वरून जाडं मीठ भुरभुरवतात. बऱ्याचशा सौम्य, पण मधेच एखादी झणझणीत निघते आणि कोणती ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.

‘आई, यात एखादीच तिखट असते हं,’ मी म्हटलं.

‘मग ती माझ्याच वाट्याला येऊ दे गं,’ म्हणत त्यांनी देठाला धरून एक उचलली. दहीभाताबरोबर तळलेल्या मिरच्या जन्मभर तोंडी लावलेल्या बाई त्या, त्यांना यात नवल काहीच नव्हतं. तिखट निघाली ती शेजारच्या टेबलावरच्या एका जर्मन आजींच्या बशीतली. आजींच्या डोळ्यांना पाणी आलं. सासूबाईंनी मागचापुढचा विचार न करता आपल्या टेबलावरची पावाची टोपली त्यांच्याकडे सरकवली. आजींनी पाव घेतला आणि थोड्या वेळाने आपल्याकडची चीजची बशी इकडे पुढे केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. वेगवेगळ्या बिलांच्या या देशात एका टेबलावरची बशी दुसऱ्या टेबलावर गेलेली मी तेव्हा प्रथम पाहिली. मिरची तर दोघींकडेही परकीच, अमेरिकेतून आलेली. युरोपात ती स्पॅनिश जहाजांतून आली आणि आपल्याकडे गोव्याला पोर्तुगिजांच्या.

ही स्पॅनिश माणसं जर्मनीत आली कशी, ते मराठी वाचकांनी आज समजून घ्यायला हवं. 29 मार्च 1960 रोजी पश्चिम जर्मनी आणि स्पेन यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. त्याआधी 1955 मध्ये इटलीशी झाला होता, स्पेनच्या दुसऱ्याच दिवशी ग्रीसशी झाला, 1961 मध्ये तुर्कस्तानशी. जर्मनीच्या कारखान्यांना माणसं हवी होती आणि हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये कामं नव्हती. माद्रिदमध्ये जर्मन अधिकारी उमेदवारांची तपासणी करत. दात, छाती, हात बघत. करार बहुधा एका वर्षाचा. राहायला कारखान्याच्या बराकी, एका खोलीत अनेक जण. खास गाड्यांनी ही माणसं कलोनच्या डॉइट्झ स्टेशनात उतरत. 1973 पर्यंत सुमारे 6 लाख स्पॅनिश लोक असे आले आणि त्यांतले बहुसंख्य परत गेले. 23 नोव्हेंबर 1973 रोजी, तेलसंकटाच्या काळात, जर्मनीने ही भरतीच थांबवली.

10 सप्टेंबर 1964 रोजी डॉइट्झला आलेल्या गाडीत बहुतेक प्रवासी स्पॅनिश होते, पण त्या दिवशी गाजलं ते एका पोर्तुगीज सुताराचं नाव. आर्मांदो रोड्रिग्ज दे सा हा जर्मनीत आलेला दहा लाखावा परदेशी कामगार ठरला. त्याला फुलं दिली, त्स्युंडाप कंपनीची मोपेड भेट दिली, फोटो काढले. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. माणसाचं पुढे काय झालं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. तो आजारी पडला, गावी परतला, साठवलेले पैसे औषधपाण्यात गेले आणि 1979 मध्ये वारला. जर्मनीतल्या विम्यातून आपल्याला मदत मिळू शकते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते, कारण पगाराच्या आकड्याइतकंच आपल्या हक्कांचं कागदपत्र वाचता येणं गरजेचं आहे.

जे स्पॅनिश कामगार राहिले त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आपल्या मुलांच्या शाळेकडे लक्ष दिलं. परदेशी कामगारांची मुलं तेव्हा अनेक ठिकाणी वेगळ्या वर्गांत बसवली जात. स्पॅनिश पालकांनी गावोगाव संघटना काढल्या, 1973 मध्ये त्यांचा महासंघ केला आणि आमची मुलं जर्मन मुलांबरोबर एकाच वर्गात बसतील असा आग्रह धरला. स्पॅनिश भाषा दुपारी वेगळी शिकवली. पुढे परदेशी कामगारांच्या मुलांमध्ये शिक्षणात सर्वांत पुढे गेलेल्यांत स्पॅनिश मुलं गणली गेली. दुसरी गोष्ट त्यांच्या स्वयंपाकघराची. आठवड्याच्या सुट्टीला एकत्र जमायला त्यांची मंडळं होती, तिथे गावाकडचं शिजायचं, सुरुवातीला फक्त आपल्याआपल्यात. पुढे स्पेनच्या मायोर्का बेटाच्या किनाऱ्यावर सुट्ट्या घालवून आलेल्या जर्मनांच्या तोंडात ती चव बसलेली होतीच, आणि स्पॅनिश घरांनी आपलं अन्न रस्त्यावरच्या दाराने बाहेर काढलं. ते त्यांनी सजवून राजेशाही केलं नाही. बटाटा, अंडी, चणे, मिरची, शिळा होत आलेला पाव, हेच ठेवलं. गरिबाघरचं होतं तसंच. नावंही बदलली नाहीत.

आता आमच्या शहरातल्या अस्सल श्वेबिश, म्हणजे इथल्या स्थानिक पद्धतीच्या, खाणावळींतही ‘श्वेबिश तापास’ मिळतात. माउलटाशेन, केझेश्पेत्सले, डाळीचं कालवण हे सगळं छोट्या बशांतून, मधे ठेवून खायचं. आपल्या ताटलीच्या बाहेर न जाणाऱ्या माणसांनी परक्यांची जेवायची तऱ्हाच उचलली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आपलं काय? स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत. पुण्याजवळच्या चाकणला इथल्या कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे मराठी अभियंते इथे पुष्कळ. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीचं लक्ष्य 10,000 जणांचं. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक आहेत, तसेच हॉटेलातले आचारी आणि वेटरही आहेत. 1960 च्या त्या करारासारखाच हा, फक्त यावेळी येणारी माणसं जर्मन शिकून येणार आहेत.

मराठी जेवण इथे भरपूर शिजतं, पण ते दाराच्या आत. गणेशोत्सवात मंडळी पुरणपोळ्या करून आणतात, कोणी कोथिंबीर वडीचे डबे भरून आणतं, आणि ते सगळं आपणच आपल्याला वाढतो. बाहेर भारतीय रेस्टॉरंटात गेलं तर बटर चिकन, पालक पनीर, नान आणि मँगो लस्सी, बहुतेक गावांत तेच मेनूकार्ड. ही रेस्टॉरंटं चालवणाऱ्या पंजाबी कुटुंबांनी कष्टाने तो धंदा उभा केला आहे, मला त्यांचं कौतुकच आहे. पण जर्मन सहकारी मला ‘तुमच्याकडे रोज काय जेवता?’ असं विचारतात तेव्हा दाखवायला एकही जागा नाही, याचं वाईट वाटतं. आपल्या घरातलं रोजचं अन्न हॉटेलात ठेवण्याइतकं भारी नाही, असं आपणच ठरवून टाकलं आहे.

तापासची तऱ्हा आपल्या जेवणाला किती सोयीची आहे याचा विचार करा. थालीपीठाचे चार तुकडे आणि लोण्याचा गोळा. झुणका आणि भाकरीची चतकोर. एकेक भरलं वांगं. छोट्या वाटीत मिसळ. तांबडा आणि पांढरा रस्सा दोन छोट्या पेल्यांत, शेजारी सोलकढी. सगळं टेबलाच्या मधोमध. जर्मन माणसाला पूर्ण ताट पाहून बिचकायला होतं, पण बशीभर नवं काही चाखायला तो तयार असतो, हे स्पॅनिश लोकांनी दाखवून दिलं आहे. यातलं बरंचसं शाकाहारी आहे, आणि इथल्या तरुण मुलांमध्ये मांस न खाणाऱ्यांची संख्या मला तरी वाढताना दिसते.

हे मोठ्या भांडवलाने सुरू व्हायला हवं असं नाही. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी कोणाची तरी बंद असलेली जागा भाड्याने घेऊन करता येईल. परवाने आणि आरोग्याचे नियम कडक आहेत, पण ते लिहून दिलेले आहेत आणि पाळता येतात. करारातून येणाऱ्या आचाऱ्यांना आणि वेटरांना माझं एवढंच सांगणं आहे: जर्मनच्या वर्गात ग्राहकाला मेनू समजावून सांगायचा धडा असतो, तिथे श्निट्झेलबरोबर थालीपीठही समजावून सांगायचा सराव आत्तापासून करा. भाजणीत कोणकोणती धान्यं आणि डाळी पडतात, त्या आधी का भाजतात, मधे भोक कशासाठी पाडतात, वर लोणी का. इथला माणूस हे सगळं शांतपणे ऐकून घेतो, एकदोन प्रश्न विचारतो आणि मग मागवतो.