नळीचा कौल

कुंभकोणमच्या एका मराठी घरातील होतकरू नेमबाज मुलीने गेल्या आठवड्यात मला जो प्रश्न विचारला, तोच या क्रीडेत नव्याने उतरणारा प्रत्येक जण विचारतो: काडतूस ईलेचे घ्यावे, आरडब्ल्यूएसचे घ्यावे, की लापुआचे? या तिन्ही कारखान्यांची प्रतिष्ठा निर्विवाद आहे. परंतु केवळ नावावरून काडतूस ठरविणे ही निवडच नव्हे, आणि ज्या व्यवस्थेत आपल्या नेमबाजांना नावापलीकडे काही निवडताच येत नाही, ती व्यवस्था बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईले टेनेक्सची पन्नास काडतुसांची डबी हातात घेऊन पाहावी. तिच्यावर लॉटचा, म्हणजे एका वेळी भरलेल्या काडतुसांच्या खेपेचा, क्रमांक आणि त्या लॉटचा वेग छापलेला आढळतो, आणि खरी निवड तेथून सुरू होते. कारण एकाच कारखान्यात, एकाच नावाखाली, निरनिराळ्या दिवशी भरलेल्या काडतुसांत सूक्ष्म भेद राहतोच, आणि जो लॉट शेजाऱ्याच्या नळीतून दहाच्या वर्तुळात एकवटतो, तोच आपल्या नळीतून नवाकडे विखुरतो. ५० मीटरवर त्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, गोळीच्या वेगात सेकंदाला १० मीटरांचा फरक पडला, तरी ती साधारण सात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीने हजार यार्डांवर नेम धरला, तर वेगातील तेवढ्याच फरकाने गोळी सुमारे पाव मीटर वर किंवा खाली जाते. गोळ्या आडव्या पसरल्या तर प्रथम वाऱ्याचा अंदाज तपासावा. उभ्या पसरल्या तर संशय काडतुसावर घ्यावा.

२०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावले. अशा गुणसंख्येत लॉटची उणीव खपून जाण्यास जागाच नसते. म्हणूनच परदेशी नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमला ईलेच्या किंवा फ्यूर्तला आरडब्ल्यूएसच्या कारखान्याच्या चाचणीगृहात जातात. तेथे ती पकडीत घट्ट बसवून एकामागून एक लॉट झाडतात, आणि नळी ज्याला कौल देईल तो लॉट वर्षभराच्या बेगमीने उचलतात.

आपल्याकडे तिरुचिरापल्लीस रायफली होतात, खडकीस १८६९ पासून दारूगोळा होतो, वरणगावासही काडतुसे होतात. परंतु लष्करी काडतुसाचा धर्म निराळा, ते कोणत्याही हत्यारात अडता कामा नये, ही त्याची पहिली कसोटी. स्पर्धेचे उत्तम काडतूस बहुतांशी आयातच करावे लागते. त्यात आमच्या कावेरीकाठचा वैशाख असा, की बंद मोटारीत राहिलेल्या डबीतील गोळ्यांवरचे मेण मऊ होऊन धूळ धरते आणि तापलेली दारू वेग बदलते. तेव्हा लॉटची पारख येथल्याच हवेत व्हावयास हवी.

आयातीचा परवाना, जकात, शस्त्रपरवान्यावरील नोंद, हे दप्तरी सोपस्कार मी अनावश्यक म्हणत नाही. दारूगोळ्याचा हिशेब सरकारने चोख ठेवलाच पाहिजे. मात्र मोठी मागणी नोंदविण्यापूर्वी राज्य संघटनांनी चार-पाच लॉटच्या नमुन्याच्या डब्या मागवाव्यात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्येकास आपल्याच रायफलीतून त्या झाडू द्याव्यात, निकाल नोंदवहीत उतरवावेत, आणि ज्याच्या नळीला जो लॉट मानवेल तो त्याच्या नावे राखून ठेवावा. एवढी तजवीज झाली, तर या मुलीला बर्मिंगहॅमचा खर्च न सोसता तिच्या प्रश्नाचे उत्तर तिरुचिरापल्लीच्या किंवा चेन्नईच्या मैदानावर एका सकाळीत मिळेल.

— लक्ष्यवेधी