छत्तीस चित्रांचा रोल

अबूधाबी शहरालगतच्या अल रीम बेटावर पंचवीस वर्षांपूर्वी वाळू आणि खारफुटी यांवाचून फारसे काही नव्हते. आज तेथे उत्तुंग इमारती आहेत, सॉरबॉन विद्यापीठाची शाखा आहे, आणि नोकरीच्या करारावर आलेली भारतीय कुटुंबे आहेत. त्यांत मराठी घरेही आली. गणेशचतुर्थीला एकेका घरात तासाभरात शेकडो छायाचित्रे निघतात. दोन वर्षांत फोन बदलतो आणि त्यांतली किती उरली हे कोणासच सांगता येत नाही.

अशा दिवसांत काही तरुण पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्याकडे वळले आहेत. याला निव्वळ हौस म्हणून हसण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या कोडॅकने २०१८ मध्ये बंद पडलेली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आणली. २०२४ मध्ये पेन्टॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा काढला.

मॉरिशसच्या मराठी वाचकास तर यातील मर्म इतरांहून लवकर कळावे. १८६७ च्या कायद्याने तेथील करार संपलेल्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगणे भाग पडले. ते छायाचित्र आठवणीसाठी नव्हते, पाळतीसाठी होते. या परवान्यांच्या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये द प्लेवित्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ जणांनी अर्ज केला. पुढे जाच सरला, कागद मात्र राहिले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती छायाचित्रे जतन केलेली आहेत, आणि कित्येक घरांना पणजोबांचा चेहरा ठाऊक आहे तो केवळ त्यांमुळे. (गिरमिट आणि रीम बेटावरील पगारी करार एक नव्हेत; पण नोकरी संपली की बिऱ्हाड हलते, एवढे खरे.)

डिजिटल चित्र निकृष्ट असते असे मुळीच नाही. उणीव आहे ती राखणदाराची. रोलमध्ये छत्तीसच चित्रे मावतात, प्रत्येकास पैसे पडतात, म्हणून आजीला उजेडात नीट बसविले जाते. निगेटिव्ह डब्यात पडून राहते. ती पाहावयास उजेडापलीकडे काही लागत नाही. त्यातही कृष्णधवल फिल्म रंगीत फिल्मपेक्षा अधिक टिकते. वर्षातून असा एक रोल घरटी पुरे.

आखाती उन्हाळ्यात रोल बंद मोटारीत ठेवू नये. विमानतळांवरील नवी सीटी तपासणी यंत्रे न धुतलेली फिल्म खराब करतात. रोल हाती तपासण्याची विनंती करावी, किंवा प्रवासापूर्वीच धुऊन घ्यावा. छापील चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहावे. परवान्यावर पणजोबांचे नाव कारकुनाने ऐकले तसे लिहिले. येथे ते घरच्याने लिहावे.