ज्ञानदानाचे खरे माप

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पैकी आहारदानात आपला व्यापारी समाज कधी मागे राहिला नाही. पर्वाच्या दिवशी अंधशाळेत मिष्टान्न पाठवावे, हिवाळ्यात घोंगड्या वाटाव्या, ही आपली जुनी रीत. आम्ही धान्याचेच व्यापारी. अन्नाचे मोल आम्हांस कोणी सांगावयास नको. तथापि अंध विद्यार्थ्यास जेवू घातले की आपले कर्तव्य संपले, हा समज आता सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलास खरी निकड आहे ती पुस्तकाची.

पंडित सुखलालजी संघवी यांचे नाव आपणांस परिचित आहे. सौराष्ट्रातील वणिक कुटुंबात १८८० साली त्यांचा जन्म झाला आणि सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. काशीस राहून, इतरांनी वाचलेले ऐकून ते दर्शनशास्त्रात पारंगत झाले. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी जैन दर्शन शिकविले. शास्त्रज्ञानास आपण ‘श्रुत’, म्हणजे ऐकलेले, म्हणतो. तेव्हा कानाने केलेले अध्ययन हलक्या प्रतीचे, असे जैनाने तरी म्हणू नये. परंतु वाचून दाखविणारा प्रत्येकास लाभतोच असे नाही. मित्रास सवड असेल तेव्हाच अभ्यास. तो सुटीत गावी गेला की अभ्यास थांबला!

कायद्याने आपले काम पुष्कळसे केले आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करण्यास कॉपीराइटची आडकाठी उरली नाही. अंधांसाठी पुस्तके खुली करणाऱ्या मराकेश करारास मान्यता देणारा पहिला देश भारतच होय (२०१४). २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या, आणि त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकावरील ग्रंथालय सुरू झाले. जागा मिळाली, परंतु नेमलेले पुस्तक त्या स्वरूपात नसेल, तर त्या जागेवर बसून विद्यार्थ्याने करावयाचे काय?

अडचण बारीक आहे, पण समजून घेण्यासारखी आहे. पानाचे नुसते छायाचित्र संगणकात भरले, तर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीस ते चित्रच राहते. आपल्या मध्य प्रदेशात पुष्कळ मजकूर ‘कृतिदेव’ या टंकात जुळविला जातो. डोळ्यांना ती देवनागरी दिसते, परंतु संगणक आत रोमन अक्षरेच जाणतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या कानी अर्थहीन गोंगाट पडतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा, आकृत्यांचे शब्दांत वर्णन हवे, आणि मुद्रिते डोळसाने तपासावयास हवीत. हे काम खर्चाचे थोडे, चिकाटीचे फार.

हा प्रश्न केवळ दयेचा नाही, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, हा दोष गणला आहे. ग्रंथालयाचे शुल्क सर्वांकडून सारखे घ्यावयाचे आणि एकाच्या हाती वाचता न येणारे पुस्तक ठेवावयाचे, हे तरी दुसरे काय आहे? आपल्या पेढीवर असे माप आपण चालू देणार नाही.

यास्तव आमची सूचना अशी. संस्थेने धर्मादा निधीचा ठराविक हिस्सा दरवर्षी या कार्यास द्यावा. प्रवेश होताच इंदूरमधील महाविद्यालयांकडून अशा विद्यार्थ्यांस लागणाऱ्या पुस्तकांची यादी मागवावी. सभासदांच्या घरातील शिकलेल्या मुलामुलींनी, सुनांनी मुद्रिते तपासावी, वाचन ध्वनिमुद्रित करावे. मात्र पुस्तक सत्राच्या आरंभी मिळाले पाहिजे. पेरणी उलटून गेल्यावर दिलेल्या बियाण्याचा उपयोग नाही.

दात्याच्या नावाची चिंता नको. जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्रावकांची नावे आजही वाचावयास मिळतात. नव्या पुस्तकाच्या शेवटी तशी एक ओळ खुशाल असावी. भिंतीवरील संगमरवरी पाटीपेक्षा ती आपणांस अधिक शोभेल. येत्या साधारण सभेत या सूचनेचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.