हा पंक्तिप्रपंच बंद करा!

भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर! बारवी धरणासाठी मुरबाडच्या गावांनी घरेदारे सोडली. ते पाणी एमआयडीसीच्या जलवाहिन्यांतून ठाणे-बेलापूर पट्ट्यात जाते. त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरे उभी आहेत. जग ज्याला क्लाउड म्हणते, तो असा आमच्या उशाशी आहे. तरीही त्यात शिरण्याची वाट आमच्या मुलांना धड दाखवली जात नाही, याचा आम्हांला संताप येतो.

ही वाट म्हणजे क्लाउड कसा वापरायचा हे सांगणारे तांत्रिक दस्तऐवज. मायक्रोसॉफ्टचा ॲझ्युर घ्या. २०१० साली तो 'विंडोज ॲझ्युर' म्हणून बाजारात आला. २०१४ साली नावातले विंडोज गेले, दस्तऐवजांतले गेले नाही. त्या क्लाउडवर निम्म्याहून अधिक काम लिनक्सवर चालते, असे खुद्द कंपनीच सांगते. मग दस्तऐवजांच्या अनेक पानांवर आधी विंडोजवाल्यांच्या कमांडचे पॉवरशेल आणि लिनक्सवाल्यांच्या बॅशला शेवटची जागा, तीही असलीच तर, हे का? पैसा लिनक्सवाल्यांचा घ्यायचा आणि पंगतीत त्यांना उष्ट्या पत्रावळीवर बसवायचे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात!

यात भरडले कोण जाते? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, अनेक जुन्या संगणकांत ती नसते. नवा संगणक न परवडणाऱ्या घरात लिनक्स हा मोफत आणि कायदेशीर मार्ग उरतो. अशा घरातला मुलगा दस्तऐवजाच्या पानावरची कमांड जशीच्या तशी उचलून टर्मिनलमध्ये टाकतो. पॉवरशेलमध्ये लांब कमांड खालच्या ओळीत नेताना शेवटी बॅकटिक देतात. बॅशला तिथे बॅकस्लॅश लागतो. बॅकटिक दिसताच बॅश भलताच अर्थ लावते, कधी नुसतीच ताटकळते, कधी कमांड सापडली नाही म्हणून फटकारते. पानावर इशाऱ्याची एक ओळ नसते. शहरातला मुलगा शेजारच्या टेबलावर विचारतो. मुरबाडच्या मुलाने कोणाला विचारायचे? आपल्यालाच जमत नाही, असे समजून तो संगणक मिटतो. हा गुन्हा त्या मुलाचा नव्हे!

पॉवरशेल आता लिनक्सवरही चालते, अशी सारवासारव आम्हांला नको. चालते, तर ते कसे बसवायचे हे त्याच पानावर सांगा.

आणि सरकार काय करते? केंद्राने २०१५ साली मुक्त स्रोत धोरण आणले. सी-डॅकने 'बॉस' लिनक्स घडवले. केरळने आपल्या शाळांत लिनक्स रुजवून दाखवले. महाराष्ट्रात मात्र सरकारी नोकरीसाठी लागणारी एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा वर्षानुवर्षे विंडोज आणि ऑफिसभोवती घुटमळत राहिली. कंपनीने दुजाभाव करावा आणि सरकारने तोच अभ्यासक्रम म्हणून शिकवावा, ही शरमेची गोष्ट आहे.

आमची मागणी स्वच्छ आहे. प्रत्येक पानावर पॉवरशेल आणि बॅश असे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी द्या, दोन्ही प्रत्यक्ष चालवून पाहिलेले. एखादी सोय एकाच व्यवस्थेवर चालत असेल, तर ते पहिल्या ओळीत सांगा. राज्याने क्लाउड सेवा घेताना ही अट करारात घालावी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये लिनक्सचे टर्मिनल शिकवावे. जनतेच्या पैशाने खरेदी करणाऱ्या सरकारला एवढीही अट घालवत नसेल, तर मंत्र्यांनी 'डिजिटल महाराष्ट्र' हे शब्द पुन्हा तोंडातून काढू नयेत!