सवलत कुणाची, हमी कशाची?

गेल्या दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हाती आले आणि आबांनी मला तालुक्याला नेऊन लॅपटॉप घेऊन दिला. आबा चौथीपर्यंत शिकलेले. दुकानाच्या काचेवर पाटी होती : 'विद्यार्थ्यांना खास सवलत'. सवलत निघाली 2,000 रुपयांची. लगेच दुकानदाराने 'वाढीव हमी'चा कागद पुढे केला, 3,500 रुपयांचा. "साहेब, दोन वर्षे चिंता नको," तो म्हणाला. आबांनी मान डोलावली. त्यांना आयुष्यात प्रथमच कुणी 'साहेब' म्हटले होते!

दोन महिन्यांनी चहा सांडला आणि कळफलक बंद पडला. दुकानात उत्तर मिळाले, "हमी कारखान्यातल्या दोषाला, सांडलवंडीला नाही." कागदावर तसे बारीक इंग्रजीत छापलेलेही होते. शिवाय वाढीव हमी सुरू होणार होती ती कंपनीची पहिल्या वर्षाची हमी संपल्यावर. दुकानदार खोटे बोलला नाही. फक्त खरे आधी सांगितले नाही. पण कॉलेजात शिकणारा मी शेजारी उभा असूनही तो कागद वाचला नव्हता. निम्मा दोष माझा.

मित्रहो, एसटीचा पासही सवलतीचाच असतो. तिथे विद्यार्थ्याला भाड्यात 66.67 टक्के सूट मिळते आणि त्यासोबत दुसरे काही गळ्यात मारले जात नाही. याला म्हणावे सवलत! संगणक कंपन्याही विद्यार्थ्यांना सूट देतात. पण त्यांपैकी अनेक ठिकाणी कॉलेजने दिलेला ई-मेल पत्ता मागतात. आमच्यापैकी कितीजणांकडे तो आहे? सवलत शहरातल्या मोठ्या संस्थांत पोहोचते आणि जिथे तिची खरी गरज, तिथे नुसती पाटी पोहोचते. सरकारचेही नवल वाटते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. लॅपटॉपवर मात्र 18 टक्के. आज अर्धा अभ्यास त्याच यंत्रावर होतो, हे प्राध्यापक मंडळीही मान्य करतील.

वाढीव हमी सर्वस्वी वाईट असे माझे म्हणणे नाही. रोज एसटीच्या गर्दीतून लॅपटॉप नेणाऱ्याला पडझड, पाणी यांचे संरक्षण देणारी योजना उपयोगी पडेल; पण ती वेगळी असते आणि वेगळी मागावी लागते. साधी वाढीव हमी बहुतेक कंपन्या पहिले वर्ष संपण्याआधी केव्हाही देतात. तेव्हा खरेदीच्या दिवशीच घाई कशाला? फसवणूक झालीच तर 1915 हा ग्राहक मदत क्रमांक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

आदरणीय प्राचार्यांना नम्र विनंती, की प्रवेश घेतानाच प्रत्येकाला कॉलेजचा ई-मेल पत्ता मिळावा. आणि ज्यांच्या घरी हा इंग्रजी कागद वाचणारे तुम्हीच पहिले आहात, त्या माझ्या बांधवांना इतकेच सांगणे : आधी कागद वाचा, वडिलांना समजावून सांगा, मग त्यांना मान डोलावू द्या.