ठेव लोकांची, किल्ली कोणाची?

परस्परांस न ओळखणाऱ्या शेकडो प्रवाशांनी एकाच वास्तूची टिपलेली छायाचित्रे एकत्र आणून तिचे सर्वांगदर्शन घडविणारी विद्या २००६ साली वॉशिंग्टन विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी जगापुढे मांडली. निरनिराळ्या चित्रांतील समान खुणा संगणक हुडकतो, प्रत्येक कॅमेरा कोठे उभा होता याचे गणित मांडतो आणि पाहणारा त्या वास्तूभोवती जणू फिरू लागतो. एकट्याच्या डोळ्यास जे साधत नाही ते अनेकांच्या डोळ्यांनी साधावे, यात आम्हांस लोकशाहीचेच तत्त्व दिसते.

याच विद्येवर उभारलेले ‘फोटोसिंथ’ २००८ मध्ये सर्वांस खुले झाले. लोकांनी विश्वासाने आपली चित्रे तेथे ठेविली. फेब्रुवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केले. ज्याची त्याची चित्रे उतरवून घेण्यास मुदत मिळाली हे खरे. परंतु एकाने टिपलेले दुसऱ्याने पाहावे असे ते दालन मिटले ते मिटलेच.

कंपनीने आपला व्यवहार पाहावा, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु बामियानची मोठी बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर झुरिकच्या संशोधकांनी जुन्या छायाचित्रांवरूनच तिची संगणकीय प्रतिकृती घडविली. ती चित्रे कोणी जपलीच नसती तर? म्हणून सार्वजनिक ग्रंथालयांनी व पुरातत्त्व खात्यांनी अशी चित्रे ग्रंथांप्रमाणेच जतन करावीत. ठेव लोकांची असेल, तर निदान एक किल्ली लोकांच्या हाती असलीच पाहिजे.