आकडा वाढतो, हात आखडतो

मेटॅलिका या मेटल बँडचं 'मास्टर ऑफ पपेट्स' हे 1986 सालचं गाणं साडेआठ मिनिटांचं आहे. 2022 मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत ते वाजलं आणि गिटार शिकणारी पोरं पुन्हा त्याच्या नादी लागली. बहुतेकांचा हात दुसऱ्या मिनिटालाच आखडतो.

हिशेब साधा आहे. गाण्याची लय मिनिटाला सुमारे 212 ठोक्यांची. ठोक्याला दोन स्वर धरले तर सेकंदाला सात आघात होतात. मेटॅलिकाचा गिटारवादक जेम्स हेटफिल्ड हे आघात जवळजवळ सगळे डाउनस्ट्रोकने, म्हणजे वरून खाली घेतो. दर वेळी पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, हवेतून परत वर आणायची, म्हणजे सात स्वरांसाठी चौदा हालचाली! खाली-वर वाजवलं तर वर येतानाही स्वर निघतो आणि मेहनत निम्मी होते. पण मग प्रत्येक घाव सारख्या वजनाचा पडत नाही, आणि त्या रिफची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीची, सगळी गंमत त्या वजनात आहे.

यावर सर्रास मिळणारा सल्ला असा: ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचा आकडा रोज पाचने वाढवा, हात दुखला तरी थांबू नका. हा सल्ला टाकून द्यायला हवा.

दमलेल्या विद्यार्थ्याचा हात जवळून पाहावा. पिक इतकी आवळलेली असते की अंगठ्याचं नख पांढरं पडतं. टोक तारांत खोल रुततं. मनगट थिजतं, मग कोपर हलू लागतं, खांदा कानाकडे सरकतो. हात खाली नेणारे आणि वर आणणारे स्नायू एकाच वेळी ताणले जाऊन एकमेकांशीच झुंजतात. अशा वेळी आणखी तास घातले तर हा ताठरपणाच पक्का होतो.

शिवाय, चालण्याचा वेग वाढवत नेला म्हणून धावणं येत नाही; धावण्याची चालच निराळी. वेगवान वादकांचे हात कॅमेऱ्याने अगदी जवळून टिपणारे अमेरिकेतले ट्रॉय ग्रेडी हेच सांगत आले आहेत. गिटारवादक इंग्वे मालमस्टीन पिक किंचित तिरकी धरतो आणि बहुधा अपस्ट्रोकनंतर तार बदलतो, कारण त्या क्षणी टोक आपसूक तारांच्या बाहेर आलेलं असतं. त्याच्या वेगात ताकदीपेक्षा ही सोय मोठी आहे. म्हणून चार-आठ स्वर पूर्ण वेगात घ्यावेत, थांबावं, हात सैल सोडावा, पुन्हा घ्यावेत. दुखलं तर त्या दिवशी गिटार खाली ठेवावी.

मग संथ रियाज वाया जातो का? मुळीच नाही. तबल्यात 'तिरकिट' आधी ठाय लयीत घोटून घेतात ते बोलाचा निकास स्वच्छ व्हावा म्हणून. 'शक्ती' या बँडमध्ये झाकीर हुसेन यांच्या तबल्याच्या जोडीने जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार धावायची, तेव्हा अशाच स्वच्छतेमुळे द्रुत लयीतही स्वर सुटे ऐकू यायचे.

'मास्टर ऑफ पपेट्स' साडेतीन मिनिटांच्या सुमारास संथ होतं. तिथे पिकची पकड ढिली करून खांदा खाली सोडता येतो. वेगवान रिफ परत आल्यावर ती सुरुवातीइतकीच भरीव वाजते का, हे रेकॉर्ड करून ऐकावं. तसं वाजेपर्यंत मेट्रोनोमचा आकडा आहे तिथेच राहू द्यावा.